दसऱ्याचा पहिला वर्ग

लॅपटॉप आदल्या संध्याकाळी चालत होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दसऱ्याच्या सकाळी त्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता, आणि अकरा वाजायला आले तेव्हा माझाही उडाला होता.

लॅपटॉप तसा आमच्या मुलीचा, राधाचा. ती नोकरीसाठी हैदराबादला गेली, तिला कंपनीने नवा दिला आणि हा मुलुंडला आमच्या कपाटावर धूळ खात पडला. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचं. पण जयंतीला, म्हणजे माझ्या बायकोला, तो हवा होता. दसऱ्यापासून ती क्रोशाच्या विणकामाचा ऑनलाइन वर्ग घेणार होती. मग मी जाहीर केलं, यातली जुनी सिस्टिम पार पुसून नवी टाकायची, आणि ती मी टाकणार. राधा फोनवर म्हणाली, "बाबा, दुकानात देऊन टाका ना." मी म्हटलं, अख्खी नोकरी औषध कंपनीच्या खरेदी खात्यात काढलीय, लिहिलेल्या सूचना वाचून पाळता येतात मला.

आणि पाळल्या. एका पोराचे व्हिडिओ पाहिले. तो दर दोन वाक्यांनी 'तर मित्रांनो' म्हणायचा. मी काही त्याचा मित्र नाही, पण त्याने सांगितलं तसं पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून घेतलं, जुनं पुसलं, नवं टाकलं. टक्के हळूहळू वाढत शंभरावर गेले आणि छान निळं चित्र आलं. संध्याकाळी घाटकोपरला माझ्या आयटीतल्या पुतण्याला, यज्ञेशला, व्हिडिओ कॉल लावून बघितला. जयंतीने पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि लगेच केस सारखे केले. यज्ञेश म्हणाला, "काका, झकास. तुम्ही तर आमच्या पोटावर पाय देणार." मी दोन दिवस त्या वाक्यावर काढले असते, पण एकच रात्र मिळाली.

वर्गाचं थोडं सांगायला हवं. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या दारांवर जयंतीने विणलेली तोरणं आहेत. कुणीतरी त्यातल्या एकाचा फोटो बायकांच्या ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत कुठे कुठे गेला आणि शिकवाल का म्हणून फोन यायला लागले. ती किती दिवस नाहीच म्हणत होती. मला कुठे शिकवता येतंय, समोरच्याला नाही कळलं तर, असलं सगळं. शेवटी हो म्हणाली ते दसऱ्याचा मुहूर्त धरून, सकाळी अकराला. आणि त्याच दमात म्हणाली, "त्या दिवशी नाही जमलं तर मग राहू द्या. सगळ्यांना नाही म्हणून कळवून टाकीन." मी तिला ओळखतो. ती असं एकदाच बोलते आणि तसंच करते.

तयारी मात्र जय्यत केली होती. तिचा फोन खिडकीच्या पडद्याच्या दांडीला उलटा टांगायचा, म्हणजे बायकांना तिचे हात दिसतील. आणि बायकांचे हात तिला दिसायला लॅपटॉप. फोनच्या एवढ्याशा काचेत दुसऱ्याचा टाका सुटलाय की नाही हे तिच्या डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे लॅपटॉप नाही तर वर्ग नाही, इतकं सरळ.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे विळी, माझा पाना-पक्कड, स्कूटरची किल्ली आणि जयंतीच्या क्रोशाच्या सुया. शेजारी पाटीवर सरस्वती. यंदा तिने पाटावर लॅपटॉप आणून ठेवला.

"आता हेही माझं हत्यारच," ती म्हणाली.

"लॅपटॉपला हळदकुंकू?" मी म्हटलं. "मग फ्रिजला नैवेद्य दाखव आणि गिझरला ओवाळ. लांबून काय तो नमस्कार कर. आत काही सांडलंस तर मी परत सिस्टिम टाकत बसणार नाही, आधीच सांगतोय."

 दाराच्या तोरणाला झेंडू कमी पडत होता, म्हणून मी पिशवी घेऊन बाजारात गेलो. परत आलो तेव्हा पूजा उरकली होती, घरभर उदबत्तीचा वास होता आणि लॅपटॉप पुसूनबिसून टेबलावर मांडलेला होता. मी फुलं तिच्या हातात दिली आणि खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, वेळ आहे तोवर एकदा सुरू करून ठेवावा.

सुरू केला. निळं चित्र आलं नाही. त्याच्याऐवजी करडा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांच्या याद्या. वर तारीख, वेळ, मशीनचा कसलासा नंबर. खाली कुठलं बटण दाबलं की काय होईल याची जंत्री. मी कधी काही मागितलेलं नसताना हे मला का दाखवतंय ते कळेना. बाहेर पडा असा पर्याय होता, तो घेतला. पडदा काळा झाला, मला बरं वाटलं, आणि पुन्हा तोच करडा पडदा.

पुन्हा बाहेर पडलो. पुन्हा तोच.

मग पूर्ण बंद केला. वायर काढली, वायर लावली. थोडा वेळ थांबलो. कोणी रुसलं असेल तर आपण बाजूला होतो आणि मग पुन्हा हाक मारतो, तसं करून पाहिलं. करडा पडदा.

आता सुट्टीच्या दिवशी सकाळी यज्ञेशला फोन करणं मला आवडलं नाही, पण केला. तो जांभई देत म्हणाला, "काका, ती बायोसची स्क्रीन आहे. त्याला तुमची सिस्टिम सापडत नसेल. बूट ऑर्डर बघा, म्हणजे मशीन आधी कशावरून सुरू व्हायला बघतंय ते."

"ते कुठे असतं?"

"तिथेच, बूट लिहिलंय बघा. हार्ड डिस्क पहिली आहे का?"

होती. नावानिशी होती. मी म्हटलं, "पहिलीच आहे."

"मग सिक्युअर बूट बंद करून बघा."

बंद केलं. करडा पडदा. चालू केलं. करडा पडदा. मग तो म्हणाला, लेगसी करा. ते केलं. काही फरक नाही. मग म्हणाला, कालचा पेन ड्राइव्ह लावा, निदान त्यावरून तरी चालू होईल. लावला. त्यालाही मशीनने भीक घातली नाही.

"असं व्हायला नको काका," यज्ञेश म्हणाला.

हे वाक्य मला मुळीच उपयोगाचं नव्हतं. व्हायला नको हे मलाही कळत होतं. कळत नव्हतं ते हे, की डिस्क समोर दिसतेय, काल मी त्या डिस्कवर माझ्या हाताने सिस्टिम टाकलीय, काल ती चाललीय, बायकोने तिच्यात बघून केस सारखे केलेत. मग एका रात्रीत गेली कुठे? टाकताना काही अर्धवट राहिलं म्हणावं, तर संध्याकाळी कशी चालली? मशीन म्हातारं झालं म्हणावं, तर हा पडदा कसा चटकन येतोय? बिघडलं म्हणावं तर सगळं चालू आणि चालू म्हणावं तर काहीच नाही. मी तो व्हिडिओ फोनवर पुन्हा लावला. 'तर मित्रांनो, झाली आपली सिस्टिम तयार,' पोरगा म्हणाला आणि हसला. मला त्याचा भयंकर राग आला.

"अहो," जयंती मागे येऊन उभी होती. तिने मोरपंखी साडी नेसली होती, केसांत गजरा होता. "मी काय म्हणते—"

"आत्ता नको."

"ते वरचं एक बटण—"

"बटणाबिटणाचं काही नाहीये हे. सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे. मला माझं काम करू दे."

ती गेली. मी पुन्हा यज्ञेशला लावला. तोवर त्याने इंटरनेटवर काहीबाही वाचलं होतं आणि तो माझ्याइतकाच गोंधळला होता, फक्त त्याच्याकडे गोंधळायला जास्त शब्द होते. पार्टिशन, बूटलोडर, कसलासा टेबल. म्हणाला, कदाचित डिस्कच जायला लागली असेल. मग म्हणाला, नाही, डिस्क गेली असती तर नाव दिसलं नसतं. मग म्हणाला, मदरबोर्ड. मी म्हटलं, "अरे, तू एक काहीतरी ठरव." शेवटी म्हणाला, आपण जे जे बदललं ते सगळं मूळपदावर आणून ठेवा, नाहीतर आणखी वाट लागेल. तिथे तसा एक पर्याय होता, तो घेतला. सगळं सकाळी होतं तसं झालं. म्हणजे आम्ही जिथून निघालो होतो तिथेच येऊन बसलो.

जयंतीच्या फोनवर टुण टुण मेसेज येत होते. ताई, लोकर काढून ठेवलीय. ताई, मी बसले. ताई, सुई कितीची घ्यायची. ती प्रत्येकीला उत्तर देत होती, माझ्याकडे बघत होती आणि पुन्हा उत्तर देत होती.

"थोडा उशीर होईल म्हणून सांगू का?" तिने विचारलं.

"सांग."

"आणि मी काय म्हणत होते, रागावू नका, पण सकाळी मी—"

"जयंती." मी खुर्ची मागे ढकलली. "मला सुचू देशील का जरा? इथे मदरबोर्डपर्यंत प्रकरण गेलंय आणि तुझं आपलं मधे मधे. तुला यातलं काही कळतं का?"

बोललो ते मोठ्याने बोललो. शेजारच्यांच्या सणाच्या गडबडीतही ते त्यांना ऐकू गेलं असणार. ती म्हणाली, "नाही कळत," आणि स्वयंपाकघरात गेली. श्रीखंडाचं भांडं फ्रिजमधून काढल्याचा आवाज आला आणि परत ठेवल्याचा.

मी पडद्यासमोर बसून राहिलो. खरं सांगतो, तोवर माझी पुरती खात्री झाली होती की हे माझ्याच हातून झालंय. कालच्या एखाद्या पायरीवर मी चुकीचं काहीतरी निवडलं असणार आणि त्याचं विष रात्रभर भिनलं असणार. तिचा वर्ग बुडणार, ती सगळ्यांना नाही म्हणून कळवणार आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. आणि मला तिला सांगावं लागणार की मी बिघडवला. मला हे सांगायची अजिबात सवय नाही. जिवावर आलं होतं.

अकरा वाजले. ती बाहेर आली नाही. तिच्या फोनची टुण टुणही थांबली होती आणि ते मला जास्त लागलं.

मग सुचलं की पलीकडच्या विंगमध्ये श्रेयस राहतो, घरून काम करतो, त्याचा लॅपटॉप आजच्यापुरता मागून आणावा. मला कुणाकडे मागायला आवडत नाही. तरी उठलो, स्वयंपाकघराच्या दिशेने "आलोच" म्हटलं आणि निघालो. जिना उतरून कंपाउंडमध्ये आलो आणि लक्षात आलं की फोन टेबलावरच राहिलाय. श्रेयसचा फ्लॅट नंबर त्यात. चडफडत परत वर आलो. दार सणाचं म्हणून उघडंच होतं.

जयंती लॅपटॉपवर वाकली होती. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि हातात क्रोशाची सगळ्यात बारीक सुई. सुईचं वाकडं टोक तिने वरच्या ओळीतल्या एका बटणाच्या कडेखाली घातलं होतं आणि ती दात काढावा तशी जपून काहीतरी ओढत होती. टक् असा बारीक आवाज झाला. बटण वर आलं. तिने सुईच्या टोकावरचं काहीतरी मुठीत घेतलं, पदराने बटण पुसलं आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. मी दारातच थांबलो. काळा पडदा, मग ते गोल फिरणारं ठिपक्यांचं चक्र, आणि मग निळं चित्र.

"काय केलंस?"

ती दचकली. मूठ पदराआड गेली. "काही नाही. झालंय वाटतं सुरू. तुमचंच काहीतरी लागू पडलं."

"हातात काय आहे?"

तिने मूठ उघडली. तांदळाचा एक दाणा होता, कुंकवाने लाल झालेला.

"अक्षत," ती म्हणाली. "पूजेला मी तो उघडून ठेवला होता. पाटीवरची सरस्वती आपण झाकून पुजतो का, म्हणून. मग तुम्ही यायच्या आत घाईघाईने पुसायला गेले तर एक दाणा बटणाखाली गेला. बटण खालीच बसलं. नखाने निघेना."

मी जवळ जाऊन बघितलं. वरच्या ओळीतलं दुसरं बटण. करड्या पडद्यावरच्या जंत्रीत त्याचं नाव मी सकाळपासून वाचत होतो, की सुरू होताना हे दाबून धरा म्हणजे हा पडदा येईल. कुणी दाबून धरलंच नव्हतं, म्हणून मी पुढे वाचत गेलो होतो.

"म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं?"

"बटण अडकलंय ते माहीत होतं. त्यानेच हे होतंय ते कुठे माहीत होतं? पण वाटत होतं. तुम्ही जरा खुर्चीवरून उठाल तर काढून बघीन म्हटलं, तर तुम्ही उठेचना."

"मग सांगायचं ना सरळ. तुझा वर्ग गेला असता."

"गेला असता," ती म्हणाली. ती रागावून बोलत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "दोनदा आले सांगायला. मग म्हटलं, जाऊ दे. सांगितलं असतं तर आत्ता ओरडला असतात ते ओरडला असतात, पुढच्या दसऱ्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसला असतात. त्यापेक्षा वर्ग गेला तर गेला."

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. लॅपटॉपला हळदकुंकू लावल्यावर दुसरं काय होणार. ते इतकं तयार होतं की तोंड उघडलंही. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती, वाट बघत होती ते यायची. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "बस तू. बायका थांबल्यात."

ती बसली. तिने वर्गाच्या ग्रुपवर 'सुरू करतेय' म्हणून टाकलं आणि मी तिचा फोन दांडीला टांगून दिला. लगेच लॅपटॉपच्या पडद्यावर एकेक चौकोन उघडायला लागला. नाशिकच्या दोघी बहिणी, ठाण्याच्या कुणी आजी, वाकोल्याची सपना नावाची एक तरुण मुलगी, आणखी कुणी कुणी. सगळ्या आपापल्या घरी सणाचे कपडे घालून हातात सुया धरून बसल्या होत्या. कुणीही गेलं नव्हतं. जयंतीने हात जोडले, म्हणाली, "उशीर झाला हं. आमच्या मशीनला आज जरा वेळ लागला." माझं नाव घेतलं नाही आणि अक्षतांचंही नाही.

मी मधे मधे नको म्हणून स्वयंपाकघरात गेलो. यज्ञेशचा फोन आला, काका काय झालं होतं, मदरबोर्ड का? मी हळू आवाजात म्हटलं, "एक बटण अडकलं होतं रे. निघालं." तो म्हणाला, "बटण? कसं काय?" मी म्हटलं, "अडकतं कधी कधी," आणि फोन ठेवला.

बाहेर ती साखळी शिकवत होती. तिचा आवाज सुरुवातीला अडखळत होता, मग लागला. साखळी झाली की वळायचं, मग पहिला खांब, म्हणजे उभा टाका, सुईवर दोरा घ्यायचा, आत घालायची, ओढून बाहेर काढायची. मी ओट्याला टेकून ऐकत होतो. इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसून विणतेय आणि ती हाताने नेमकं काय करते हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

"सपना, तुझा तुकडा जरा वर धर बघू," ती म्हणाली. "डावीकडे आकसलाय तुझा. तिथे एक खांब सुटलाय."

"हो ताई," वाकोल्याची मुलगी म्हणाली. "मघाशीच सुटला."

"मघाशी म्हणजे?"

"पहिल्याच ओळीत. कळलं होतं मला. पण तुम्ही पुढचं सांगत होतात ना. म्हटलं, मधेच विचारलं तर रागवाल."

जयंतीने सुई टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. 

"अगं, सुटला त्याच वेळी सांगितलंस तर एकच खांब उसवावा लागतो," ती म्हणाली. "लपवून पुढे विणत गेलीस तर सगळं उसवावं लागतं. आपल्या इथे चुकलं की लगेच सांगायचं. इथे कुणी ओरडणार नाही तुझ्यावर."

चहा टाकावा म्हणून मी लायटर हातात घेतला होता. तो आवाज न करता खाली ठेवला.